पोलिसांवरचा राखणदार



कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी? पोलिसांविषयीं हाच प्रश्न विलायतेंतल्या लोकांनाही पडला. त्यावर त्यांनीं काय उपाय केला व तो कोठें फसला, तें आज सांगतों.

२०११ सालीं तेथें कायदा झाला. लंडन वगळून इंग्लंड व वेल्समधल्या ४१ पोलीस-विभागांत लोकांनीं मतें देऊन एकेक ‘पोलीस व गुन्हे आयुक्त’ निवडावा असें ठरलें. नांव आयुक्त असलें तरी हा वर्दीतला अधिकारी नव्हे. पोलिसांसाठीं लोकांवर कर किती बसवावा, पैसा कशावर खर्चावा, हें तो ठरवतो. मुख्य पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक व बडतर्फी त्याच्या हातीं. मात्र अमक्याला पकडा, तमक्याला सोडा, असा हुकूम त्याला देतां येत नाहीं. ही तजवीज शहाणपणाची होती.

पण अनामत रक्कम ठेवली ५,००० पौंड! मोलमजुरी करणारा ती कोठून आणणार? ज्याच्या मागें पक्ष, तोच पुढें सरसावणार. १५ नोव्हेंबर २०१२ रोजीं पहिली निवडणूक झाली, तेव्हां शंभरांतले जेमतेम १५ मतदार आले. वेल्समधील न्यूपोर्ट येथल्या एका केंद्रांत तर दिवसभरांत एकही मत पडलें नाहीं.

त्या दिवशीं दक्षिण यॉर्कशायरांत शॉन राइट निवडून आले. ते रॉदरहॅमच्या नगरपरिषदेचे सभासद होते, आणि २००५ ते २०१० पर्यंत तेथील मुलांच्या संरक्षणाचें खातें त्यांच्याकडे होतें. पुढें ऑगस्ट २०१४ मध्यें प्रोफेसर अलेक्सिस जे यांचा चौकशी-अहवाल बाहेर पडला. १९९७ ते २०१३ या काळांत त्या एका गांवांत सुमारें १,४०० मुलांवर लैंगिक अत्याचार झाले, आणि परिषद व पोलीस दोघांनींही त्यांकडे कानाडोळा केला, असें त्यांत निघालें.

आतां पाहा. पोलिसांना जाब विचारण्यास जो बसवला, त्याचेंच जुनें खातें चव्हाट्यावर आलें! प्रकरणाचा आवाका आपणांस ठाऊक नव्हता, असें राइट म्हणाले. पंतप्रधानांनीं राजीनामा मागितला, गृहमंत्र्यांनीं मागितला, ते हटेनात. आणि त्यांना काढणार कोण? गंभीर फौजदारी आरोप ठेवला गेल्यावांचून आयुक्तास दूर करण्याची सोय कायद्यांतच नव्हती. अखेर १६ सप्टेंबरला त्यांनीं आपण होऊन पद सोडलें. पुढच्या महिन्यांत पोटनिवडणूक झाली; तींतही शंभरांतले सुमारें १५च आले. एवढा अनर्थ होऊनही लोक घराबाहेर पडले नाहींत!

नोव्हेंबर २०२५ मध्यें तेथल्या सरकारनें जाहीर केलें कीं, मे २०२८ मध्यें चालू मुदत संपतांच हें पदच बंद करावयाचें.

आपल्याकडे पोलीस राज्य सरकारच्या हाताखालीं. असा आयुक्त आपण निवडीत नाहीं. पण ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत मत आपलेंच आहे. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों. मग मोठी जागा मागायला आलेल्या माणसाला, ‘मागच्या जागेवर काय केलेंस?’ एवढें विचारायला जीभ कां अडखळावी? आणि दुसरें विचारा: ‘हा चुकला तर याला खालीं उतरवणार कोण?’ या दोहोंचें उत्तर मिळेपर्यंत हार गळ्यांत घालूं नका. आणि मतदानाच्या दिवशीं, बायांनो, तुम्हींही कामाची सबब सांगून घरीं बसूं नका. पहाऱ्यावर माणूस बसवला म्हणून धन्यानें झोपावयाचें नसतें.