भिंत म्हणजे नुसता आडोसा?

परवा लातुरात एका घराचे बांधकाम पाहत उभा होतो. गवंडी म्हणाला, “सर, पिलर अन् स्लॅब झाला की घर झालं. भिंत काय, नुसता आडोसा!”

मला नवल वाटले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्याला भिंतीची धास्तीच घातली. गावे गणपती बोळवून निजली होती. दगडमातीच्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे पदर एकमेकांना धरून नव्हते. ते फाकले आणि मातीचे जड माळवद निजलेल्यांवर आले. हजारो माणसे गेली. दगडावरचा भरवसा उडाला, तो सिमेंटच्या खांबांवर जाऊन बसला.

पण खांबांमधली विटांची भिंत आडोसा नव्हे. फाटक लचकू नये म्हणून आपण त्याला तिरपी पट्टी मारतो ना, तेच काम भूकंपात ही भिंत करते. चौकट झुकू लागली की ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नेट लावते. तिला चिरा पडतात, पण खांबांचा भार ती वाटून घेते. मात्र ती चौकटीला घट्ट भिडलेली हवी, आणि प्रत्येक मजल्यावर हवी.

इथेच आपण चुकतो. वर खोल्या, खाली गाड्या. वरचे मजले भिंतींमुळे पेटीसारखे एकजीव होतात आणि सारा हेलकावा खालच्या उघड्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत, अशा कितीतरी इमारती खाली बसल्या.

शिक्षकबंधूंनी आपली शाळाही पाहावी. खांबांमध्ये पुष्कळदा खिडकीपर्यंतच भिंत असते, वर मोकळे. म्हणजे खांबाचा वाकायला मोकळा भाग तोकडा राहतो. लांब काठी वाकते. आखूड तुकडा वाकत नाही, म्हणून जोर त्याच्यावरच येतो आणि तो फुलीसारखा चिरतो. अशा खांबाला खालपासून वरपर्यंत रिंगा दाट हव्यात, त्यांची टोके आत वळवलेली हवीत. चार इंची भिंतीत काँक्रीटची आडवी पट्टी घालून ती खांबांत गुंतवावी. नाही तर भिंत अख्खी बाहेर कोसळते, ओट्यावर बसलेल्या माणसावर.

मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडलाही जाणवले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

गवंड्याला मी इतकेच म्हटले, “खाली गाड्या ठेवा, पण इंजिनिअरला विचारून कोपऱ्यांशी दोन्ही दिशांनी भिंती घेता येतील का?” तो मालकाकडे पाहू लागला. मालक म्हणाले, “मग गाडी वळवायची कशी?”