व्यापारी टोकनांवरील काळा थर

एकोणिसाव्या शतकात दुकानदारांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि मालाचा प्रकार यांचा ठसा उमटवून तांब्याचे जे बिल्ले काढले, त्यांना व्यापारी टोकने म्हणतात. मेलबर्नच्या किराणा व्यापाऱ्यांनी ती 1849 मध्ये काढली, अमेरिकेत यादवी युद्धाच्या वर्षांत त्यांचा सुकाळ झाला आणि सुट्या नाण्यांची चणचण भागवता भागवता त्यांनी गिऱ्हाइकाच्या खिशातून जाहिरातही फिरवली. हिंदुस्थानात पैसा म्हणून चालवण्यासाठी खाजगीरीत्या धातूचे तुकडे घडवण्यास 1889 च्या कायद्याने मनाई केली. तरीही सराफांचे तोळ्याचे चांदीचे बिल्ले आणि गिरण्यांच्या उपाहारगृहांची टोकने पुढील काळात निघालीच.

ठाण्याच्या खोपट, चरई भागांतील किंवा कल्याणमधील जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होताना अशी वस्तू ट्रंकेच्या तळाशी सापडते आणि पहिला हात चिंचेकडे जातो, हीच खेदाची गोष्ट आहे. तांब्यावर वर्षानुवर्षे हवेमुळे चढणारा काळसर-तपकिरी थर, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात, तो मळ नसून लोणच्यावरील तेलाच्या थरासारखा रक्षक असतो: तेल निपटून काढले की फोडी उघड्या पडून बुरशी धरतात, ओला चमचा बुडवला की बरणी नासते आणि बरणी कोरड्या फडताळात, हात न लावता ठेवली तरच लोणचे टिकते, तसेच टोकनाचेही आहे. चिंचेतील आम्ल हा थर विरघळवते, त्यावर राखेची घासणी पडली की दुकानाच्या नावाची बारीक अक्षरे झिजतात आणि गेलेले अक्षर कोणत्याही उपायाने परत येत नाही. चकाकी ताम्हणाला शोभते, टोकनाला नाही, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण पुढल्या दिवाळीच्या घासणीत ते विसरले जाण्याचा धोका आहे.

टोकन कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि ते कोणत्या गावी, कोणाच्या घरी मिळाले हे पाकिटावर लिहावे. हिरवी भुकटी सुटू लागली असेल तर मात्र तो पॅटिना नव्हे, तो धातूचा रोग असतो आणि त्यासाठी जाणकार गाठावा. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवण्यावर 1972 च्या कायद्याने घातलेले निर्बंध आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांचे दुष्परिणाम यांचा विचार येथे व्हायला हवा होता, परंतु नेमून दिलेला वेळ संपत आला आहे. श्रोत्यांनी निदान एवढे करावे की जुने टोकन घासू नये, घासू देऊ नये आणि मोडीतही घालू नये.