क्षयाचे जंतू आणि पेशींचे निरोप

क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात, थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण एवढ्याने जंतू मरत नाहीत. ज्या पोकळीत ते अडकतात, तिच्यात पेशीची पाचकद्रव्ये उतरू नयेत अशी तजवीज ते करतात आणि पेशीच्या आतच वाढू लागतात. पुढे रोग आटोक्यात राहील की बळावेल, हे बरेचसे पेशी एकमेकींना धाडत असलेल्या निरोपांवर ठरते. सायटोकाइन नावाची लहान प्रथिने हे निरोप पोचवतात.

पहिला महत्त्वाचा निरोप इंटरल्युकिन-12चा. तो मिळाला की टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवू लागतात आणि त्याने मॅक्रोफेज चेतवल्या जातात. मग जंतूंनी रोखून धरलेले पचन सुरू होते. ही साखळी जुळून यायला काही आठवडे लागतात. मांटू चाचणीही त्यानंतरच होकारार्थी येते. इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप पेशीला घेताच येत नाही, असा जन्मजात दोष काही मुलांत असल्याचे 1996 साली उघड झाले. अशा मुलांना बीसीजी लशीतील दुबळे जंतूही जिवावर बेततात.

दुसरा निरोप टीएनएफचा. जंतूंभोवती पेशींचे कडे पडून ग्रॅन्युलोमा ही गाठ तयार होते. ती टिकण्यासाठी टीएनएफ लागतो. याचा पुरावा औषधोपचारातूनच पुढे आला. आमवात आणि क्रोन्स या आतड्याच्या विकारावर टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब वापरात आल्यावर, ते घेणाऱ्यांतील क्षयाच्या 70 रुग्णांची नोंद 2001 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता आणि 40 जणांत तो फुप्फुसाबाहेरही आढळला. गाठींत दबून राहिलेल्या जंतूंना वाट मोकळी झाली, असा याचा अर्थ लावला जातो.

मात्र टीएनएफ वाढत गेला म्हणजे संरक्षणही वाढते, असे नाही. झेब्राफिश माशांवरील प्रयोगांत टीएनएफ अति झाला तेव्हा जंतू पोटात घेतलेल्या मॅक्रोफेजच फुटल्या आणि जंतू बाहेर पडून फोफावले. माणसाच्या फुप्फुसातही दाह अनावर झाला की ऊतींचा सांगाडा झिजवणारी विकरे स्रवतात, गाठीचा मधला भाग विरघळतो आणि पोकळी पडते. ती श्वासनलिकेत उघडली की खोकल्यावाटे जंतू बाहेर जातात. फुप्फुसाची ही हानी जंतूच्या प्रसाराच्या पथ्यावर पडते.

पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचे कामही असेच उलटे आहे. विषाणूंविरुद्ध ते उपयोगी पडते. पण सक्रिय क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात त्याच्या प्रभावाच्या खुणा ठळक दिसतात आणि औषधांनी रोग हटत जातो तशा त्या पुसट होतात.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग होतो. रक्तातील पेशींना क्षयजंतूंची प्रथिने दाखवून त्या किती इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात हे मोजले की संसर्ग झाला आहे का ते कळते. मात्र तो सुप्त आहे की सक्रिय, हे एवढ्यावरून ठरत नाही. भारतात सुप्त संसर्ग असलेल्यांची संख्या मोठी आहे. म्हणून टीएनएफरोधक औषध देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा ही रक्तचाचणी करतात आणि सुप्त संसर्ग आढळल्यास आधी प्रतिबंधक उपचार सुरू करतात. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात क्षयरोधक औषधांच्या जोडीला दाह आवरणारी स्टेरॉइड दिली जातात. फुप्फुसाच्या साध्या क्षयात ती सरसकट देत नाहीत.