मध्यें उभें केलेलें बालक

(महोत्सवाच्या पवित्र मिस्सानंतर धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजचा दिवस उपकारस्तुतीचा आहे. महोत्सवांत आपल्या सत्कृत्यांची यादी वाचण्याचा प्रघात आहे. परंतु आज आम्ही नारायणगडाच्या परिसरांतील ऊसतोड मजुरांच्या मुलांविषयीं व त्यांची सेवा करणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांविषयीं बोलणार आहों, आणि त्यांत आमची एक चूकही सांगणार आहों.

आपणांस ठाऊकच आहे कीं, दसरा-दिवाळी झाली म्हणजे बीड जिल्ह्यांतील वाड्यावस्त्या ओस पडूं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत कारखान्याच्या उसावर जाते. त्या दोन जीवांना मिळून तेथें 'एक कोयता' म्हणतात! उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम कोपींत. बरोबर गेलेल्या मुलीच्या कडेवर धाकटें भावंड येतें. मागें राहिलेलें मूल आजीजवळ राहतें, आणि पुष्कळदां त्या आजीलाच कोणाच्या आधाराची गरज असते. वयांत आलेल्या मुलीच्या काळजीनें आईबाप तिचें लग्न उरकून टाकतात. २००६ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नास अठरा वर्षांची मर्यादा घातली आहे. परंतु गरिबाच्या घरीं भीति कायद्याहून प्रबळ ठरते.

या मुलांसाठीं शासनानें हंगामी वसतिगृहें काढलीं. आपल्याच जिल्ह्यांत, शिरूर कासार तालुक्यांतील आर्वी येथें, दीपक नागरगोजे व त्यांच्या पत्नी कावेरी यांनीं 'शांतिवन' उभें केलें. त्या मानानें आपलें काम अगदीं लहान आहे. हंगामांत रोज सायंकाळीं मुलांना एकत्र बसवावें, भाकरी-कालवण वाढावें, अभ्यास घ्यावा, ताप आला तर दवाखान्यांत न्यावें, एवढेंच. हीं मुलें बहुतेक ख्रिस्ती नाहींत. त्यांचे आईबाप, जिला लोक धाकटी पंढरी म्हणतात, त्या नगद नारायणाच्या गडावर माथा टेकतात. आम्हीं कोणाचा धर्म विचारला नाहीं व विचारणार नाहीं. अट घालून दिलेली भाकर ही विकलेली भाकर होय.

आतां आमची चूक. आरंभीं आम्ही ताटें मोजीत होतों, मुलें मोजीत नव्हतों. एका वर्षीं नऊ-दहा वर्षांची एक मुलगी येईनाशी झाली. चार दिवस कोणीं विचारलें नाहीं. पांचव्या दिवशीं आजीकडे गेलों तेव्हां कळलें कीं, तान्ह्या भावाला सांभाळावयास वडील तिला फडावर घेऊन गेले. उन्हाळ्यांत ती परत आली. जोडाक्षरें विसरली होती. दारांत उभी राहून तिनें विचारलें, "फादर, माझं ताट दुसऱ्याला दिलं का?" बंधुभगिनींनो, या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें.

तेव्हांपासून आपण हजेरीची वही ठेविली. जें मूल आलें नाहीं, त्याच्या घरीं त्याच सायंकाळीं आपल्या दोन भगिनी जातात. गेल्या हंगामांत असाच एक मुलगा आला नाहीं. जाऊन पाहतात तों आजी तापानें फणफणलेली आणि पोर चूल फुंकीत बसलेलें. एकीनें भाकरी थापल्या, दुसरीनें म्हातारीला दवाखान्यांत नेलें. मुलगा हंगामभर शाळेंत टिकला. १८३३ सालीं पॅरिस शहरीं फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या तरुण सोबत्यांनीं संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नांवें जी संस्था स्थापिली, तिचेंही मुख्य कार्य हेंच होतें कीं, गरिबाला आपल्या दारीं बोलावूं नये, आपण त्याच्या दारीं जावें.

आणखी एक नियम आहे, तो कोणीं संशय समजूं नये. कोणीही एकट्यानें मुलाबरोबर राहावयाचें नाहीं, धर्मगुरूनेंसुद्धां नाहीं. कोठें मुलावर अन्याय होतांना दिसला तर गप्प न बसतां १०९८ या क्रमांकावर कळवावयाचें. देवळाची अब्रू लेंकराच्या अश्रूंहून मोठी नाहीं.

महोत्सवाची आठवण म्हणून फाटकावर दगडी कमान बांधावी, अशी सूचना आली आहे. सूचना प्रेमाची आहे, आणि कमान आम्हांलाही आवडली असती. परंतु तोच निधि या मुलांच्या पुढील हंगामाच्या जेवणासाठीं व वह्यापुस्तकांसाठीं ठेवावा, अशी आमची आपणांस हात जोडून विनंति आहे. पैशाहूनही मोठें दान आम्ही मागतों, तें म्हणजे प्रत्येक कुटुंबानें आठवड्यांतून एक सायंकाळ द्यावी. आज हें काम मोजक्या भगिनींच्या खांद्यावर आहे, आणि त्याही दिवसभर मजुरी करून येतात.

स्वर्गाच्या राज्यांत थोर कोण, असें शिष्यांनीं विचारलें, तेव्हां प्रभु येशूनें एका बालकाला बोलावून सर्वांच्या मध्यें उभें केलें. आपल्या समारंभांत असें बालक बहुधा दाराशीं उभें असतें. त्याला मध्यें आणूं या. तें दिसलें नाहीं, तर त्याला शोधावयास निघूं या. पवित्र मरिया माता आपल्या पावलांना बळ देवो. आमेन.