दिवसभर काय केलं, ते लिहून ठेवूया

(औंढा नागनाथ येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या औंढ्याच्या देवळाची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. नामदेवांना देवासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरले, असे सांगतात. पण त्या नामदेवांच्या घरी दळण कोण दळत होते, केर कोण काढत होते? हे आपल्याला माहीत आहे, कारण जनाबाईंनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या. जाते, शेण्या, झाडलोट यांना त्यांनी अभंगात जागा दिली. नाहीतर ‘घरात एक दासी होती’ एवढेच उरले असते.

मी आज एक साधी गोष्ट सुचवायला उभी आहे. प्रत्येक घरात एक वही असावी आणि घरातल्या रोजच्या जगण्याची नोंद बाईने त्यात करावी. लगेच तुम्ही म्हणाल, ‘बाई, आमच्या घरात लिहिण्यासारखं आहे काय? रोजचंच तर असतं.’ अहो, रोजचेच तर लिहायचे आहे! लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त संसारच लिहिला. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले, ते वर्षानुवर्षे नवऱ्यापासून वह्या लपवून. पुस्तक १९८६ साली आले. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बहिणाबाई चौधरींना आठवावे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरातल्या मुलांनी उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर का होईना, त्या छापल्या गेल्या. तुमची शाळेत जाणारी पोर तुमच्यासाठी लिहू शकते. तुम्ही सांगा, ती लिहील.

आता कुणी म्हणेल, हे झाले साहित्य. आपल्या पोटापाण्याशी याचा काय संबंध? सांगते.

२०१९ साली सरकारने देशभर एक पाहणी केली. माणूस पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत काय करतो, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारून लिहून घेतले. त्यात दिसले की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे. मुळात हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते, बाया ८१. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ निघाले. म्हणजे फारसे काही बदलले नाही.

या आकड्यांचा उपयोग कुठे झाला? दिल्लीत अपघातात एक जोडपे गेले. बाई गृहिणी होती. तिच्या कामाची किंमत धरायची की नाही, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने याच पाहणीतले आकडे दिले आणि सांगितले की गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे. बघा, ‘घरीच असते’ या दोन शब्दांना उत्तर मिळाले, कारण कुणीतरी मिनिटे लिहून ठेवली होती.

आपल्याकडे सल्ल्याला येणारी बाई काय सांगते? ‘कधीपासून मारतो?’ विचारले की, ‘पहिल्यापासूनच.’ ‘घरखर्चाला किती लागतात?’ विचारले की, ‘लागतात तेवढे लागतात.’ तिचे खोटे नसते. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जो अहवाल भरतात, त्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण विचारलेले असते. पोटगीच्या दाव्यात खर्चाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. समोरच्याचा वकील बाईच्या अश्रूंना विचारत नाही, तारखेला विचारतो. वही म्हणजे पूर्ण पुरावा नव्हे. पण ती जवळ असली की बाई अडखळत नाही.

मग लिहायचे काय? किती वाजता उठले. पाण्याच्या खेपा किती. सोयाबीन काढायला, हळद शिजवायला घरच्या शेतात किती दिवस राबले, ज्याची मजुरी कुणी धरत नाही. रोजगार हमीवर किती दिवस भरले आणि किती दिवसांचे पैसे आले. किराणा, दवाखाना, पोरांची फी कुणाच्या पैशातून गेली. शेवटी कोण जेवले आणि तिच्या ताटात काय उरले होते. दुःखच लिहावे असे नाही. पोरगी पहिल्यांदा सायकल शिकली, सासू मनापासून हसली, हेही लिहा. उद्या लेकीला आपली आई कोण होती हे त्यातूनच कळेल.

दोन गोष्टी सांभाळा. वही घरात धोक्याची ठरणार असेल तर माहेरी, मैत्रिणीकडे किंवा गटाच्या पेटीत ठेवा. आणि मुलांबद्दल लिहिताना जपून. मोठ्या झालेल्या मुलीची खासगी गोष्ट तिला विचारल्याशिवाय बैठकीत वाचायची नाही. आपले ऐकले जावे असे आपल्याला वाटते, तर तिचाही शब्द तिचाच आहे.

ही वही बायांनीच का लिहायची, असे एका ताईंनी मघाशी विचारले. बरोबर आहे. बापानेही लिहावी. एक आठवडा त्याने स्वतःच्या कामाची मिनिटे मांडली, तर घरात भांडणाऐवजी बोलणे सुरू होईल.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचे नाव लागते. नाव लागले, चांगले झाले. पण त्या नावामागे किती श्रम आहेत, हे सरकारी कागद सांगणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटे वहीसाठी राखून ठेवा. जिला वाटेल तिने एक पान वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे.