पैशाचा ठावठिकाणा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीने बँकेच्या व्यवहारांवर बोलायचे ठरवले, हे ऐकून आमच्या घरातही हसू पिकले. बी. ए.ला माझा विषय मराठी; आकडेमोडीशी संबंध वाण्याच्या बिलापुरता. पण चोर कुठून हात घालतो आणि यंत्र त्याला कसे हेरते, ही गोष्ट आता भाजीवाल्यापासून पेन्शनरापर्यंत सगळ्यांच्या खिशाला येऊन भिडली आहे. जाणकारांकडून जे समजून घेतले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. सुमारे साडेचारशे बनावट कार्डे घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवण्यात आले. एकूण ९४ कोटी! परदेशातले व्यवहार बारा हजारांच्या घरात होते, म्हणजे एकेका कार्डामागे पंचवीसहून अधिक वेळा पैसे निघाले. एटीएम बँकेला विचारते, ‘देऊ का?’ आणि बँकेची यंत्रणा खाते पाहून होय किंवा नाही म्हणते. चोरांनी मधेच आपला बनावट मध्यस्थ बसवला होता. तो प्रत्येक प्रश्नाला ‘दे’ म्हणत होता. खऱ्या बँकेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता.

पण जरा लांबून पाहा. पुण्याच्या बँकेचे खातेदार एकाच शनिवारी २८ देशांत पैसे काढत हिंडताहेत, हे चित्रच किती विचित्र! ते वेळेवर दिसावे म्हणून ठिकाणाची माहिती कामाला येते.

यातला पहिला हिशेब शाळकरी पोराचा आहे. सकाळी दहा वाजता कार्ड पुण्यात वापरले, दहा वाजून वीस मिनिटांनी नागपुरात. मधले अंतर सरळ रेषेत सहाशे किलोमीटरहून जास्त. म्हणजे खातेदार ताशी अठराशे किलोमीटरने धावला. प्रवासी विमानही याच्या निम्म्या वेगाने उडते. एक तर नागपूरचे कार्ड नकली, नाही तर पुण्याचे. अर्थात हे प्रत्यक्ष कार्ड घासण्याच्या व्यवहाराला लागू. घरबसल्या पुस्तक मागवले आणि दुकानदाराचा हिशेब बंगळूरला होत असेल, तर तुम्ही बंगळूरला गेला नाहीत, हे यंत्राला माहीत असावे लागते. चिपळूणची बायको आणि दुबईचा नवरा एकाच खात्याची दोन कार्डे वापरतात, हेही.

म्हणून एका नियमावर भागत नाही आणि मशीन लर्निंग येते. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एचएनसी या कंपनीने १९९२ मध्येच कार्डांवर पाळत ठेवणारी अशी प्रणाली आणली. तिचे नाव फाल्कन, म्हणजे ससाणा. (नाव ठेवणारा आमच्यापैकी असावा!) यंत्राला लाखो जुने व्यवहार दाखवायचे, हा खरा, हा खोटा, असे सांगत जायचे. मग रक्कम, वेळ, नेहमीच्या जागेपासूनचे अंतर, नवा फोन, पैसे घेणारा ओळखीचा की अनोळखी, यांतल्या कशाला किती वजन द्यायचे ते यंत्र स्वतः ठरवते आणि प्रत्येक व्यवहाराला संशयाचे गुण देते.

इथे एक मेख आहे. समजा, एक लाख व्यवहारांत शंभर खोटे आहेत. यंत्राने त्यातले नव्वद पकडले, वा! पण खऱ्या व्यवहारांपैकी शंभरात एकावर जरी त्याने चुकून हात टाकला, तरी जवळपास हजार प्रामाणिक माणसे अडली. नव्वद चोरांमागे हजार साव. आणि ‘सगळेच साव’ असे म्हणणारे आळशी यंत्र याच हिशेबात ९९.९ टक्के बरोबर ठरते! तेव्हा जाहिरातीतल्या टक्केवारीवर जाऊ नका.

हे अडणारे साव कोण, याची मला जास्त काळजी वाटते. आमच्या नात्यातल्या एक खाला उमराहला मक्केला गेल्या. सारा जन्म सोलापुरात गेलेला. परदेशातला वापर बँकेत जाऊन सुरू करून घेतला होता, तरी दुसऱ्याच दिवशी कार्ड बंद. यंत्राच्या लेखी बरोबरच होते. सोलापूरबाहेर न पडलेली बाई एकदम मक्केत कशी? बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. आळंदीहून निघालेला वारकरी अडीच-तीन आठवडे रोज नव्या मुक्कामी असतो. शहरातल्या नोकरदाराच्या घर-कचेरीच्या वाटेवर शिकलेल्या यंत्राला हे सगळे भटके संशयित वाटतील. त्याला वारी शिकवायला हवी, हंगाम शिकवायला हवा.

दुसरी गोष्ट वस्तीची. झारखंडमधल्या जामतारा जिल्ह्याचे नाव फोनवरच्या फसवणुकीमुळे देशभर झाले. २०२० मध्ये त्यावर मालिकाही आली. पण तिथे शिक्षक आहेत, शेतकरी आहेत. भाड्याचे घर शोधताना माझे नाव आणि मोहल्ला ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. म्हणून यंत्र पिनकोडवरून काय शिकते, याकडे माझे लक्ष असते. माणसाची आजची जागा त्याच्या स्वतःच्या सवयीशी ताडून पाहणे वेगळे आणि वस्तीवर शिक्का मारणे वेगळे. शिवाय पैसे पाठवताना फोन ओळखीच्या गावात आहे की नाही, एवढेच बँकेला हवे. मी कोणत्या डॉक्टरकडे गेलो, याची नोंद कशाला?

आणि सगळे जमले तरी हल्लीच्या ‘डिजिटल अरेस्ट’पुढे जागा दुबळी पडते. पोलीस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसाला व्हिडिओ कॉलवर धरून ठेवतात. तो आपल्याच घरातून, आपल्याच फोनवरून, आपल्याच हाताने पैसे पाठवतो. ठिकाण बरोबर, फोन बरोबर, माणूसही बरोबर. इथे पाहायचे ते पलीकडचे टोक: पैसे ज्या भाडोत्री खात्यात जातात ते. कालपर्यंत रिकामे असलेल्या खात्यात दहा जिल्ह्यांतून रकमा येतात आणि मिनिटांत पुढे निघून जातात. अशी खाती हेरण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयार केली. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती जाहीर केली.

पैसा भाडोत्री खात्यात थोडाच वेळ थांबतो. म्हणून फसगत लक्षात येताच १९३० हा क्रमांक लावा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि बँकेलाही लगेच कळवा. लाजेपोटी मुलांना सांगायला संध्याकाळ उजाडली, तर तोवर पैसा चौथ्या-पाचव्या खात्यात पोचलेला असतो.