विद्यानगरीतला कामाचा बाजार

मुलगा बारावी पास झाला की आपल्याकडे घराघरांत एक बोलणे सुरू होते. "त्याला पुण्याला ठेवू या." का, म्हणून विचारावे तर उत्तर तयार असते : "तिथं विद्यापीठ आहे, मोठमोठी कॉलेजं आहेत. शिकेल आणि तिथंच कुठंतरी चिकटेल." यातले शिकण्याचे म्हणणे बरोबर आहे. ते 'चिकटेल' मात्र आज आपण जरा तपासून पाहू.

पुण्यात १८५४ साली इंजिनियरिंगचा वर्ग उघडला. तो का उघडला? तर त्या काळी पूल, कालवे, इमारती अशी सार्वजनिक कामे निघाली होती आणि त्यांवर देखरेख करायला शिकवून तयार केलेली माणसे सरकारला हवी होती. म्हणजे काम आधी होते, शाळा मागाहून आली. हल्ली हा क्रम उलटा झाला आहे. कॉलेज आधी निघते, वर्ग भरतात, पदव्या दिल्या जातात, आणि काम पाठोपाठ येईल अशी ज्याने त्याने आपल्या मनाची समजूत घालून घेतलेली असते.

१९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याला जोडलेली कॉलेजे होती अवघी १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. बारा जिल्ह्यांचा कारभार त्याच्याकडे होता. पुढे १९६२ साली कोल्हापूरला आणि १९९० साली जळगावला निराळी विद्यापीठे झाली, आणि पुण्याकडे पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे राहिले. मुलूख आक्रसला, पण कॉलेजांची संख्या शेकड्यांवर गेली. आता तुमच्यापैकी जे कांदा पिकवतात त्यांना याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको. लासलगावला एकाच दिवशी गाड्यांची रांग लागली की भाव पडतो. म्हणून काही कांदा वाईट ठरत नाही. पदवीचेही तसेच आहे. पोरगा वाईट नसतो, आवक फार झालेली असते.

विद्यापीठामुळे काम आलेच नाही, असे मात्र कुणी समजू नये. शिकलेली मुले इथे सहज मिळतात, हे पाहूनही संगणकाच्या कंपन्या हिंजवडीला आल्या. पण तिथे पदवी दारापर्यंत नेते. आत घेताना हाताला आणि डोक्याला काय येते ते पाहतात. पिंपरी-चिंचवडची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले. त्या पट्ट्याने बी.ए.पेक्षा टर्नर आणि फिटर जास्त मागितले. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे अजूनही 'नापासांचा' समजतात, याचे मला खरोखर नवल वाटते.

विद्यापीठाच्या शहरात कामाचा आणखी एक बाजार असतो, आणि तो आपल्या सहसा ध्यानात येत नाही. सदाशिव पेठेतून किंवा नवी पेठेतून एकदा पायी फिरून पाहा. 'कॉट बेसिस'वर खोली, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने. अभ्यासिका, म्हणजे एक खुर्ची, एक टेबल आणि एक दिवा, महिन्याच्या बोलीने. मेस, चहाची टपरी, झेरॉक्सचे दुकान. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया आहेत, डबे पोचवणारी पोरे आहेत. हा सारा रोजगार कुणाच्या पैशावर चालतो? तुमच्या. उसाचे बिल येते, दुधाचा पगार होतो, त्यातला हिस्सा आता मोबाइलवरून पुण्याला जातो. एका खेड्यातून आलेला मुलगा बसून अभ्यास करतो आणि दुसऱ्या खेड्यातून आलेली बाई त्याच्यासाठी पोळ्या लाटते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, मुले गावी परतली, आणि मेसच्या चुली थंडावल्या. तेव्हा या शहरातल्या किती संसारांचे पोट विद्यार्थ्यांवर आहे ते उघडे पडले. त्या बायांची नोंद कोणत्या हजेरीपटावर होती?

त्या अभ्यासिकांमधून बसलेली बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची आहेत. राज्यसेवेची पदे शेकड्यांत मोजावी लागतात आणि अर्ज लाखांत येतात. मी मुलांना परीक्षा देऊ नका म्हणत नाही, देणारे द्यावीतच. पण किती वर्षे, हे जाण्याआधी घरात बापाने आणि मुलाने समोरासमोर बसून ठरवावे. पाच-सहा वर्षे अशीच गेली, की ना शेतीची सवय राहते ना दुसऱ्या धंद्याची ओळख होते, आणि गावी तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून मुलगा तिथेच राहतो. तोवर भावाने रानावर कर्ज काढलेले असते.

आणि प्राध्यापकी? तिथेही तीच तऱ्हा. एम.ए. झालेली, नेट-सेट उतरलेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे मोबदला तासाचा. सुट्टी लागली की तोही थांबला. वर्गात जो गृहस्थ तुमच्या मुलाला अर्थशास्त्र शिकवतो, त्याचा स्वतःचा हिशेब कित्येकदा रोजंदारीवरच्या माणसासारखा असतो. कायमच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, आणि माझ्या मते ही काटकसर शिक्षणाला महाग पडते.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कचेरीत बेलाशक विचारा : गेल्या तीन वर्षांत या शाखेतून उतरलेली मुले आज कुठे आहेत? इमारत किती मजल्यांची, हे नंतर पाहू. गरजू मुलाने 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ती पुण्याच्या विद्यापीठात चालते. तीत पैसा थोडा मिळतो, पण कामाची लाज जाते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेत एक वही घाला. दहा वर्षांपूर्वी दहावी झालेल्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे नाव तीत लिहा आणि आज तो किंवा ती काय करते, ते गावात विचारून समोर मांडा. मुलींची नावे गाळू नका; लग्न झाले एवढे लिहून रकाना भरू नका. आणि ज्याच्या नावापुढे नुसते 'पुणे' असे येईल, त्याच्या घरी जाऊन तो तिथे नेमके काय करतो, ते विचारून या.